ऊन ––– नाही

गांगुर्डे नोटप्रेसमधून निवृत्त झाले
तेव्हापासून त्यांच्याकडे छापायला काही नव्हतं.
या पौषात त्यांनी कॉलनीसाठी चिठ्ठ्या लिहिल्या,
शाईच्या पेनानं, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर,
आणि रविवारी उजाडता उजाडता
मखमलाबाद रोडवर कानटोप्यांचे चार संघ उभे केले.

आमच्या संघात उरलेले आले:
विम्याचे भावसार, लिफ्टमध्येही घड्याळ बघणारे,
दुसऱ्या मजल्यावरच्या तस्लीमभाभी,
वॉचमनची जयू, इयत्ता चौथी,
आणि मी. सत्तावीस वर्षं एस.टी.त कंडक्टर,
कळवण-नाशिक, नाशिक-कळवण.

पहिली चिठ्ठी जयूनं वाचली, तोंडातून वाफ सोडत:

*दोन तोंडं, पण भांडत नाही,*
*पुरात उभा, पण सांडत नाही,*
*याच्या गळ्याशी पाणी आलं*
*की सराफ दुकान मांडत नाही.*

हे तर नाशकातल्या शेंबड्या पोरालाही येतं.
तरी चौघं एकदम ओरडलो,
आणि ओरडल्यावर जरा ऊब आली.

गंगेवर धुकं इतकं
की दुतोंड्या मारुतीला आज एकच तोंड होतं.
शेजारी फुलवालीच्या टोपलीत, शेवंतीखाली, दुसरी:

*अंगभर टिकल्या, कपाळ नाही,*
*मार खाऊन नटली, रडली नाही,*
*पोटात गंगा, प्याली नाही.*

भावसार म्हणाले, सासुरवाशीण.
भाभींनी त्यांच्याकडे असं पाहिलं
की त्यांनी घड्याळ बघितलं.
जयूनं सुटी पैसे मोजावेत तसं सांगितलं, "घागर."
तिची आई चार घरची भांडी घासते.

तांबट आळीत रविवारचे ठोके कमी.
एक म्हातारा मात्र बसला होता.
त्यानं काही न विचारता घागर पालथी केली,
आणि तळाशी राहिलेल्या ओंजळभर पाण्यासकट
तिसरी चिठ्ठी जयूच्या फ्रॉकवर पडली.

*चार पाय, पण पळत नाही,*
*पाठ आहे, पण वळत नाही,*
*तिथे बसा, जिथे सकाळचं ऊन*
*––– नाही.*

बाक. एवढं कळलं.
पण कुठला, ते ज्या शब्दात होतं
तो शब्द निळा ढग झाला होता.

"ढळत नाही," भावसार म्हणाले. गोदापार्क.
गेलो. तिथे बाकावर एक कुत्रं होतं,
खरंच ढळलं नाही.
"छळत नाही," भाभी म्हणाल्या, आणि आम्हाला
कोकणीपुऱ्यात माहेरच्या दारी घेऊन गेल्या.
तो बाक दगडी निघाला.
"याला पाय कुठायत?" भावसार.
"चहाला आहेत का?" भाभी.
आम्ही आल्याचा चहा प्यालो, दोन-दोन बशा.

मी म्हणालो, "मिळत नाही."
मेळा स्टँडवर, कळवणच्या फलाटाशी एक बाक आहे,
थंडीत तिथे ऊन येतच नाही.
पहाटेच्या गाडीआधी मी त्यावर किती बसलो,
हात काखेत घालून,
हे घरी कधी बोललो नव्हतो.
जयू त्यावर बसली. उठली.
"खरंच गार आहे," म्हणाली.
चिठ्ठी नव्हती.

अकराला परतलो तेव्हा खजिना संपत आला होता:
हुरडा, तिळाच्या रेवड्या, एका डब्याला लागलेली चटणी.
पंपहाऊसमागच्या बाकाखाली सापडला म्हणे,
बी विंगच्या पोरांना. यमकबिमक न लावता,
चेंडू शोधताना.

"शब्द कुठला होता?" मी गांगुर्ड्यांना विचारलं.
ते चष्मा पुसत राहिले.
"लिहिला तेव्हा चांगला होता," म्हणाले.
"आता आठवत नाही."
"हे जुळत नाही," जयू म्हणाली.

रात्री उशीवर शब्द येत राहिले,
एकामागून एक, विनंती थांब्यावरच्या माणसांसारखे.
गळत. मळत. टळत.
डोळा लागता लागता एक चढला:
दळत.
ऊन दळत नाही.

नाक्यावरच्या पिठाच्या गिरणीबाहेर
एक लाकडी बाक आहे, पीठ बसून पांढरा झालेला.
पाय चारच असावेत.
सकाळी शाळेची रिक्षा यायच्या आत
जयूला सांगायला हवं.