कोबी

त्याचं नाव कोबी.
रजिस्टरात वाचलं आणि मला हसू फुटलं.
ग्रिम्सबीच्या पाळणाघरात ते कुणाला सांगणार?
मग त्याला पाहिलं.
तीन वर्षांचा, पानावर पान घट्ट मिटलेला,
अंगातला कोटही काढू देईना.

मॉरीनबाई आठ दहाला आणून सोडायच्या.
वर्षातलं त्याचं हे तिसरं घर.
बाकीची पोरं दाराशी हंबरडा फोडायची,
काचेला नाकं चिकटवायची.
हा आगगाडीचे डबे रंगवार लावत बसायचा.
"किती गुणी!" सगळ्याजणी म्हणायच्या.
एकदा गुडघा फुटला, तरी कुणाकडे आला नाही.
बाहीनं रक्त पुसलं
आणि पाहून घेतलं, कुणी पाहिलं तर नाही ना.

हे गुणीपण मी ओळखते.
मिरजेला आई रात्रपाळीला निघायची, तेव्हा
मीही दाराकडे पाठ करून काडेपेटीतल्या काड्या मोजायचे.
सुलभाकाकू म्हणायच्या, हिचा काही त्रास नाही.
चाळिशी उलटली,
अजून कुणी निघालं की मी भांडी घासायला घेते.

म्हणून मी फारसं काही केलं नाही.
रोज त्याच लाल गालिच्यावर बसले.
हाक मारली नाही, मांडी तेवढी मोकळी ठेवली.
शेजारी संत्र्याची एक फोड.
फेब्रुवारीत फोड नाहीशी व्हायला लागली.
मार्चमध्ये त्यानं माझ्या स्वेटरचं खालचं बटण धरलं,
आणि चटका बसल्यासारखं सोडलं.
एकदा रुमालाआडून माझ्या तोंडून मराठीच निघालं:
बुवाऽऽ... कुक!
बराच वेळ गप्प.
मग त्याच्या बोलीत म्हणाला, "पुन्हा."

क्लीथॉर्प्सला सहल गेली तेव्हा ओहोटी होती,
नजर जाईल तिथवर चिखल.
"समुद्र गेला," कोबी म्हणाला.
येतो परत, मी म्हटलं.
त्याचा विश्वास बसला नाही. कठड्याला धरून
सँडविच न खाता तो तपासत उभा राहिला.

आज मी जेवायला उठले, डबा हातात,
आणि मागे काहीतरी फुटलं.
कोबी.
शेंबूड, लाथा, आगगाडी उधळलेली,
दोन्ही मुठींत माझं बटण.
तुटलंच ते.
शेरिल धावत आली, "याला काय झालं? हा तर कधी रडत नाही!"
मी खाली बसले. वरणभात गालिच्यावर.
कोटाच्या आत तो केवढा तापला होता,
आणि माझ्या कानाशी केवढा मोठा आवाज,
इतके महिने कुठे ठेवला होता कोण जाणे.

डायरीत शेरिलनं लिहिलं:
दुपारी अस्वस्थ. कारण कळलं नाही.
मी ते खोडलं नाही.

सप्टेंबरात तो शाळेत जाईल. ठाऊक आहे मला.
पाचला मॉरीनबाई आल्या.
दारात थबकून त्यानं मागे पाहिलं.
बटण त्याच्या मुठीत होतं, मी मागितलं नाही.
स्वेटर तसाच घालून घरी आले,
गोदीवरचा वारा आत शिरत होता.