रिकामी परत देऊ नये

आंबोळगडच्या सड्यावर चार टोपल्या आहेत.
सायकलच्या रिमा, होडीवरची गंजकी साखळी,
जांभ्यात पहारीने पाडलेली चार भोकं.
आडिवरेकरांच्या यशोधनने बंगळूरहून डिस्क आणल्या,
खेळ लावून दिला, आणि रजा संपली तसा गेला.
उरलो आम्ही तिघं:
पोस्टातला धाकू, बेकरीवाला इम्तियाज,
आणि मी, वायरमन.
आम्ही तिला थाळीच म्हणतो.

जाता जाता नियम सांगून गेला.
पोटाशी नाव घाला, नंबर घाला.
दुसऱ्याची सापडली तर आधी हाक, मग फोन.
जाळीत कुणी वाकून शोधत असेल
तर आपला डाव थांबवून आपणही वाका.
पिशवीत टाकून महिन्याने
"ही तुझी का रे?" असं विचारू नका.
हे धाकूकडे बघून.

माझी निळी दिवाळीनंतरच्या वाऱ्यात गेली.
टोपलीवरून, कड्यावरून, थेट समुद्राकडे,
आणि इतकी सुरेख गेली
की शिवी द्यायची राहून गेली.
तिघेही वाकलो. पाण्यात काय वाकणार?

माघात फोन आला.
मला फोन येतो तो लाइट गेली म्हणूनच.
"कुठला खांब?" मी विचारलं.
"खांब नाय. तुमची थाली गावलीय."

मुसाकाजीच्या खैरूनबी होडेकर.
शेवटचा आकडा खाऱ्या पाण्याने खाल्लेला,
म्हणून नातवाने शून्यापासून सुरुवात केली.
माझा सात.
म्हणजे माझ्याआधी सात परक्या माणसांना विचारून झालं होतं,
तुमची थाळी हरवलीय का?
एक बाई हो म्हणाली म्हणे,
पण तिची स्टीलची होती, कुणाच्या तरी लग्नात गेलेली.
तिच्याशीच बोलण्यात अर्धा बॅलन्स संपला.

गेलो तेव्हा पडवीत राखेने घासून ठेवलेली.
"दोन महिने पिठावर झाकण होती," त्या म्हणाल्या,
"वापरली ती सांगून टाकते."
मी हात पुढे केला.
त्यांनी थाळी उताणी केली, आत गेल्या,
आणि बाहेर आल्या तेव्हा
माझ्या नावावर तिसऱ्यांचा ढीग,
ओल्या, अजून तोंडं मिटलेल्या.
"रिकामी कशी देऊ?"

आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला
आईचं नाव आहे, ठिपक्याठिपक्यांनी टोचलेलं.
शेजारून परत येताना त्यात काहीतरी असायचंच,
निदान चार पानं कढीलिंबाची.
यशोधनच्या नियमांत हा नव्हता.
त्याला बंगळूरात कोण सांगणार?

त्या रात्री सुकं झालं.
थाळीचा वास मात्र तीन वेळा धुऊनही जाईना,
इम्तियाजची मांजर दुसऱ्या टोपलीपर्यंत मागे यायची,
माझा नेम चुकला की तीच आधी पोचायची.

काल करवंदीच्या जाळीत एक केशरी दिसली.
आमच्यातल्या कुणाची नाही.
"सानिका, कणकवली", दहाच्या दहा आकडे शाबूत.
आधी हाक मारली. सड्यावर
टिटवीशिवाय कुणी नव्हतं.
मग फोन.
"अय्या, मिळाली? कुरिअर कराल?" ती म्हणाली,
"पैसे लगेच पाठवते."

करू म्हणणार होतो.
धाकू पोस्टातलाच, वजन करून देईल.
पण मे महिना, जाळी काळी झालेली,
आणि करवंदं रविवारपर्यंतसुद्धा टिकायची नाहीत.
"उद्या याल का?" मी म्हटलं,
"दुपारी नको, वारा असतो."

पलीकडे ती कुणाला तरी विचारत होती,
कणकवलीहून आंबोळगडला गाडी कितीची.
मी फोन खांद्याशी धरून
केशरी थाळी उताणी केली,
आणि बोटांना चीक, मनगटाला काटे,
तिचं नाव दिसेनासं होईपर्यंत
तोडत राहिलो.