परत काय मिळतं

सहा महिने मी चौकोनी कंससुद्धा टाइप करत होते.
पानावर होते, म्हणून.
महापेच्या ऑफिसात बिंदू कुरूप मॅडमनी
माझ्या खांद्यावरून पाहिलं,
आणि त्या हसल्या नाहीत, हे मी विसरणार नाही.
"कंसातलं दिलंस तर चालतं, नाही दिलंस तरी चालतं.
एवढंच सांगतायत ते.
आता पान पहिल्या ओळीपासून वाच.
उदाहरणावर उडी मारू नकोस."

उदाहरणांवर उड्या मारतच तर आले होते इथवर.

रात्री दिवाळे गावात, जाळ्यांच्या ढिगाशेजारी,
फोनच्या उजेडात एकच ओळ चार वेळा वाचली:
सॉर्ट यादी जागच्या जागी लावतो. परत काही देत नाही.
म्हणजे कसं?
मी तर रोज भांडं घेऊन उभी होते उत्तर धरायला,
आणि भांड्यात रोज ‘नन’.

पहाटे आई पाटीसमोर बसली.
निवट्या इकडे, कोळंबी तिकडे,
चिंबोऱ्या नांग्या बांधून कडेला.
माझ्या हातात तिनं काहीच दिलं नाही.
पाटीच वेगळी झाली होती.
"आये, कळलं!"
"बरफ आन," ती म्हणाली.

मग सवय लागली त्या कोरड्या भाषेची.
हे घेईन. हे देईन.
असं दिलंस तर बिनसेन,
आणि बिनसले तर काय म्हणून ओरडेन
तेही आधीच लिहून ठेवलेलं.
इतकं सरळ माझ्याशी कुणी बोललं नव्हतं,
शाळेत नाही, मुलाखतीत तर नाहीच.

रविवारी बाबांना भरतीचं विचारलं.
तिथीची पाऊणपट.
पंचमी? पावणेचार. अष्टमी? सहा.
मी वहीत उतरवलं:
घेतो – तिथी, एक ते पंधरा.
देतो – पाणी भरायची वेळ.
वद्य पक्षात पुन्हा एकपासून.

ते दोरा दातांत धरून ऐकत होते.
मग दोरा सोडला.
"खारीत अर्धा तास उशीर, त्ये नाय लिवलंस.
आन् भराव परल्यापासून पानी येगलं वलतं.
त्ये पन लिव,
नायतर वाचनारा होरी घेऊन चिखलान बसल."

खाली ‘टीप’ लिहून रेघ मारली.
दोन ओळी वाढल्या.

"कोन वाचनार ह्ये?"
"मी."
"मंग तारीख टाक," ते म्हणाले,
आणि गाठ पुन्हा दातांत धरली.