अठरा

कोतच्या दारात उभ्या पोरांना बाबा विचारायचे,
"बाजारात वांगं घेताना उलटंपालटं करून घेतोस न्हवं?
मग हे बी बघून घे."

वीस गोळ्यांचं, पोलादी, काळ्या रंगाचं,
कोपऱ्यांवर रंग उडून चांदी झालेलं मॅगझिन
ते आधी खिडकीच्या उजेडाकडं धरायचे.
वरचे दोन ओठ.
ओठच म्हणायचे ते, पत्र्याच्या त्या वळलेल्या कडांना.
"एक फाकला की गोळी तिरकी बघती.
पक्कडीनं वाकवून आणलास तर मला कळतंय बघ.
पडलं म्हणून सांग, दुसरं देतो."

मग अंगठ्यानं उचलपट्टी खाली, पार तळापर्यंत,
आणि हळू सोडायची.
मध्येच अडखळली की बाबा मान तिरकी करायचे:
आत रेती, नाहीतर पोटाला पोचा.

मष्णू म्हणून एक रंगरूट होता, जांबोटीकडचा.
त्यानं खोबरेल चोपडून आणलं, चकचकीत,
आईनं डोक्याला दिलेलं.
बाबांनी तळपट्टी सरकवली, स्प्रिंग ओढून काढली,
आणि तिच्या वेढ्यांतला तांबडा चिखल
त्याच्याच तळहातावर पुसला.
"तेल मातीला आवतण देतंय बाळा.
चिंदी फिरव. नुसता वास राहू दे."

नंबर पांढऱ्या रंगात.
बाबांनी घातलेले मराठीत, फकीराप्पांनी घातलेले कन्नडात;
साहेबांनी दोन्ही खरवडून इंग्रजीत घालायला लावले.
तरी त्रेचाळीस दोघांनाही अंधारात सापडायचं.
ते दर वेळी तिसऱ्या गोळीला अडे.
मोडीत काढायचा कागद तीनदा गेला, तीनदा परत आला.
तोवर ते वरच्या फळीवर, भिंतीकडं तोंड करून.

आणि विसाच्यात अठराच भरायच्या.
हा बाबांचा कायदा, कुठल्या पुस्तकातला माहीत नाही.
दोन गोळ्यांची जागा स्प्रिंगला श्वास घ्यायला.
आमच्या घरी पिठाचा डबा, दप्तर, पाण्याची टाकी,
काहीच कधी काठोकाठ नव्हतं.

मी आता उद्यमबागेत स्प्रिंगा तपासते.
यंत्र दाबतं, सोडतं, दाबतं, सोडतं,
आकडा रात्रपाळीतही चढत राहतो.
एका रविवारी चहा पिता पिता बोलून गेले,
"बाबा, दाबून ठेवल्यानं चांगली स्प्रिंग फारशी थकत नाही.
थकते ती दाब-सोड, दाब-सोड करून."

ते गप्प.
गल्लीतून कुणीतरी गॅसचा सिलिंडर घरंगळत नेत होतं.
तो आवाज पार कोपऱ्यापर्यंत जाऊ दिला त्यांनी.
मग स्वतःचा अंगठा बघितला,
एकतीस वर्षांत रुंद झालेला, नख चेपलेलं,
जो अजून झोपेत चादर दाबतो
आणि सोडतो.
"म्हंजे मी तपासून तपासूनच…"

वाक्य तिथंच अडलं.
मी घाईनं म्हटलं, तेवढ्यानं काही होत नाही हो,
आम्ही लाखात मोजतो.
"लाखात," ते म्हणाले, आणि कपातली साय बोटानं काढली.

सोमवारी पहाटे माझा डबा त्यांनीच भरला.
भाकरी, झुणका, वर बोटभर जागा,
नेहमीसारखीच.
झाकण अंगठ्यानं दाबलं.
एकदाच.
उघडून पुन्हा बघितलं नाही.