उघारी, उधारी

पहिल्या दिवशी मी नुसतं "बांध" शोधलं.
शेताचे तंटे निघाले, दोन कादंबऱ्या,
एक लग्नगीतांचा संग्रह. तो का, देव जाणे.
निजामपूरकर बाई चष्म्यावरून म्हणाल्या,
"एवढा पाग टाकलास तर गाळच येणार."

दुसऱ्या दिवशी कागदाला दोन रेघा मारल्या.
कुठे: रेवस, धरमतरची खाडी, खारेपाट.
काय: खारबंदिस्ती, समुद्रबांध, झडप, दरवाजा.
कधी: ही जागा कोरी.
तेच तर हवं होतं,
आमच्या खाराला ते लाकडी दार
पहिल्यांदा कधी बसलं,
भरतीला आपोआप मिटणारं.

पुस्तकं तीन मिळाली. तिन्हींत एकच साल.
तिसरं दुसऱ्याचा हवाला देतं,
दुसरं पहिल्याचा, पान चौऱ्याऐंशी.
पहिल्याच्या चौऱ्याऐंशीव्या पानावर:
"असे सांगतात."
कोण सांगतात? तळटीप नव्हती.
मी वही मिटून चहा प्यायला गेले.

रविवारी खारावर हिराजी चांगू म्हात्रे
गुडघाभर चिखलात उभे,
फळीच्या फटीत पेंढा कोंबत.
"आमी उघारी बोलताव. तुजे बुकान काय लिवलंय?"

सोमवारी बाईंना शब्द दिला.
त्यांनी "उ"चा खण ओढला, थुंकी लावून कार्डं चाळली.
उखाणे. उत्खनन. उद्यानशास्त्र.
मग बोट अडलं:
उधारी. हिशेबवही, हस्तलिखित. विषय: सावकारी.

कुणाच्या तरी टाकाखाली
"घ"च्या डोक्यावरची रेघ जराशी तुटली होती
आणि समुद्राचं दार कर्ज झालं होतं
पन्नासेक वर्षं.

वहीत सुताराचे चार आणे होते,
माती टाकणाऱ्यांना सहा पायली भात
(त्यांची नावं नाहीत, नुसते "गडी अकरा"),
आणि सालाच्या जागी वाळवीचं भोक,
पलीकडचं टेबल दिसेल एवढं.

बाईंनी नवं कार्ड लिहिलं.
जुनं फाडलं नाही. त्यावर बारीक अक्षरात:
पाहा, उघारी.
"चुकत येणाऱ्यालाही वाट लागते ना."

रात्री संदर्भसूची.
वही: दप्तर क्रमांक, पानं अकरा ते तेरा, साल अवाच्य.
तिन्ही पुस्तकं, कुणी कुणाचं उतरवलं त्यासकट.
मग हिराजी. पान क्रमांकाशी अडले.
बाईंना फोन केला. त्या जेवत होत्या.
"दुसऱ्याला तो माणूस सापडेल असं लिही.
संदर्भ म्हणजे आणखी काय असतं?"

म्हणून लिहिलं:
म्हात्रे, हिराजी चांगू. तोंडी.
खारावरची मधली उघारी, पौष वद्य षष्ठी,
ओहोटी लागून तासभर झाल्यावर.
भरतीच्या वेळी गेल्यास भेटत नाहीत.