मनिराम हेडाऊ, वॉर्ड एकेचाळीस

पाच निवडणुका मी त्याचं नाव भिंतींवर लिहिलं.
तांडापेठेत, गोळीबार चौकात,
नाईक तलावाच्या ओल्या कठड्यावर,
जिथं चुना धरतच नाही.
चिन्ह आधी कंदील, मग सायकल,
मग शिलाई मशीन. तिचं चाक गोल काढता काढता
माझी अख्खी रात्र जायची.
हेडाऊतला ऊ मी आजही डोळे मिटून काढीन.

दोनदा निवडून आला, तीनदा पडला.
पडला तो नळामुळे नाही, नालीमुळे नाही,
एका वाक्यामुळे पडला:
महाराष्ट्र तोडू नका.

हे वाक्य आमच्या नागपुरात बोलायचं म्हणजे
भर दुपारी अनवाणी इतवारी फिरायची.
पोरं म्हणत, काका, कोळसा आपला, वीज आपली,
अन् अंधारात कोण बसून राहिलं?
तो म्हणे, आपणच बसून राहिलो बे. खरं हाय.
पण माही बहीण इचलकरंजीत देली.
तिच्या घरी मी पाहुणा म्हणून जाईन,
परदेशी म्हणून नाही.
लोक हसत. तोही हसे.
मतपेटी तेवढी हसत नसे.

बंदच्या दिवशी त्याचं एकट्याचं सायकलचं दुकान उघडं.
पंक्चर घेऊन कोणी आलं नाही,
डांबराचा डबा घेऊन आले.
संध्याकाळी माझ्या दारात उभा:
रंग उरला का रे?
कोणता देऊ?
काळा त्यांनी फुकट देला. पांढरा दे.

डिसेंबरात सरकार आमच्या गावी मुक्कामाला येतं.
हा पाइपलाइनची फाईल घेऊन गेटवर.
शिपाई साताऱ्याकडचा. विचारतो, कुठले तुम्ही?
इथलाच, म्हणाला,
आणि चार तास उभा राहिला.
परतताना आम्ही तर्री-पोहे खाल्ले.
म्हटलं, आता तरी?
दार उघडत नाही म्हणून घर पाडतेत का कोणी?
मग त्याला ठसका लागला.
तर्री जहाल होती, डोळे त्यानंच भरले असतील.

पाइप आले ते तो पडल्यावर.
पाटीवर दुसऱ्याचं नाव, अक्षरं माझीच.
मी ब्रश घेऊन घुटमळलो, तर पाठीमागून म्हणतो,
शुद्ध लिहिजो. निवडून आलेला माणूस आहे तो.

गेला तेव्हा चौकात सभा झाली.
डांबरवालेही बोलले, आणि चांगलं बोलले.
माझं शेवटच्या निवडणुकीचं बिल अजून येणं आहे,
ते मी काढलं नाही.

बहीण निघाली होती हातकणंगल्याहून,
महाराष्ट्र एक्स्प्रेसनं, जनरल डब्यात,
एक दिवस, एक रात्र, आणि वर लेट,
एका राज्यातून त्याच राज्यात.
मे महिना होता.
आम्हाला थांबता आलं नाही.