ओलिंदाच्या बिया

टॅक्सीवाला भोंगा वाजवत होता, फेरी चुकेल म्हणून.
ओलिंदाने कुंपणावरून पुडी दिली,
फार्मसीचं पाकीट, आत सात बिया,
वर रोमी अक्षरांत: दुदी.
म्हणाली, मुठीएवढेच धरतात, पण वर चढतात.
आणि माजराक नुस्तें घाल.

मी घरी म्हणायचो दुदी, शाळेत शिकलो भोपळा.
गणिताच्या वहीत मिळायचा तोच, लाल शाईतला.
तेव्हापासून त्याच्याशी माझं जरा जपूनच.

एकतीस वर्षं फेरीबोटीवर दोर फेकला,
दिवाडीहून जुन्या गोव्याला, जुन्या गोव्याहून दिवाडीला.
लावली ती बोट, धक्क्याला.
दुसरं काही लावलं नाही.

दिवाळी सरल्यावर बिया कपात भिजवल्या.
पाच तळाशी गेल्या, दोन तरंगत राहिल्या.
तरंगतं ते चांगलं, ही माझी जुनी समजूत;
बियांचं उलट असतं म्हणे.
मी सातही पेरल्या. टोक खाली, पेरभर खोल,
प्रत्येकीखाली बांगड्याचं एकेक डोकं,
कारण मासळीवाली उर्सुला म्हणाली, वेल वेडी होते.

वेडं झालं ते मांजर.
सकाळी सात खड्डे, मिशांना माती.
चाचपून चाचपून तीन सापडल्या.
त्यातली तरंगणारी कुठली,
आता कोण सांगणार.

उगवली एक.
बीचं टरफल टोपीसारखं डोक्यावर अडकलेलं.
काढायला हात नेला, मागे घेतला.
दुपारी तिनेच ते पाडलं.

दोर बांधला ओलिंदाच्या भिंतीवरच्या खिळ्याला,
बोटीवरचाच, पीळ उलगडून बारीक केलेला.
तणाव्याने तो रात्री चाचपला असावा,
सकाळी धरून बसला होता:
अर्धे वेढे उजवे, मधे एक सरळ टाका, अर्धे डावे.
एकतीस वर्षांत
ही गाठ मला कुणी शिकवली नव्हती.

मग नारिंगी किडे आले. पोदेराच्या भट्टीतली राख
मागून आणली, दव असताना पानांवर फुंकली.
मग फुलं, रोज चार-पाच, पिवळीजर्द,
दुपारी मिटून ओल्या चिंधीसारखी.
स्विंडनहून ओलिंदाचा आवाज, मोबाइलमध्ये साठवलेला:
फुलां आयलीं?
मी म्हटलं, आलीत, पण सगळे दादले.
ती इतकी हसली की खोकला आला.
तिथे चारलाच काळोख पडतो, म्हणाली,
आणि मग काही बोलली नाही, तरी मशीन चालूच राहिलं.

तेराव्या दिवशी एका फुलाखाली
बोराएवढी हिरवी गाठ.
मधमाशी नाही. धुकं नदीवरून दारापर्यंत.
पाववाल्याचा भोंपू दूर गेला तसं
एक नर फूल तोडलं, पाकळ्या सोलल्या,
चष्मा सदऱ्याला पुसला, आणि
या वयात, भिंतीशी ओणवा होऊन…
कुणी पाहत नाही ना, ते आधी पाहिलं.

ते पिवळं पडून गळालं.
पुढचं मी केलंच नाही.
पुढचं कुणी केलं, माहीत नाही.

वेल तोवर भिंत ओलांडून तिच्या बल्कांवात गेली होती.
नाताळात ती कागदाचा तारा टांगायची तो हुक
तणाव्याने नेमका हेरला,
आणि खाली तो, मुठीएवढा, फिक्या रेघांचा.
फोटो पाठवला. दोन दिवसांनी उत्तर:
कापू नाका. बियांक दवर.

तारा वगैरे मी म्हणणार नाही.
भोपळा तो भोपळा.
फक्त तिन्हीसांजेला तिकडचा दिवा लावून येतो,
किल्ली माझ्याकडेच असते,
मांजराला जेवताना दिसावं, एवढ्यासाठी.